विजोड पदके : प्रस्तावना

ठशांनी पाडलेल्या पदकाला दोन बाजू असतात आणि त्या दोन स्वतंत्र पोलादी ठशांतून उमटतात. एका ठशावर चेहरा, दुसऱ्यावर त्या चेहऱ्याशी संबंधित चित्र किंवा मजकूर. दोन्ही ठसे प्रेसमध्ये समोरासमोर बसवायचे, मध्ये धातूची चकती ठेवायची आणि दाब द्यायचा. ठसे बसवताना कपाटातून चुकीचा जोडीदार निघाला, तर एका माणसाच्या चेहऱ्यामागे दुसऱ्याच माणसाची कहाणी उमटते. तपासणीतून निसटून असे पदक बाहेर पडले, की संग्राहक त्याला 'म्यूल' म्हणतात. मी त्याला विजोड म्हणतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची अशी विजोड पदके हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय फार अरुंद आहे, असे वाचकाला वाटेल. मलाही हे क्षेत्र पसरट करायचे नाही. पण एवढ्या चिंचोळ्या वाटेने गेल्यावर टांकसाळीचे कामकाज, संग्राहकांचा बाजार, सरकारचा हेतू आणि इतिहासाने दिलेली वचने अशा चार मोठ्या गोष्टींपाशी माणूस पोहोचतो, हा माझा अनुभव आहे. म्हणून नमुन्यांची यादी वाचण्याआधी हा विषय कुठून आला आणि तो कसा वाचावा, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

राष्ट्राध्यक्षांच्या पदकांची परंपरा सुरू झाली ती संग्राहकांसाठी नव्हे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या प्रमुखांना करारांच्या वेळी, भेटींच्या वेळी द्यायची ही रुप्याची पदके होती. 'शांतता पदके' या नावाने ती ओळखली जातात. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या काळात ती लंबगोल पत्र्यावर हाताने कोरली जात. तिथे ठसाच नव्हता, त्यामुळे जोडी चुकण्याचा प्रश्न नव्हता. 1796 साल असलेली वॉशिंग्टन यांची तीन पदके इंग्लंडमध्ये ठशांनी पाडली गेली. त्यांवर पेरणी करणारा शेतकरी, गुरे-मेंढ्यांची राखण आणि घरातले सूतकाम अशी दृश्ये होती. ती अमेरिकेत पोहोचेपर्यंत जॉन अॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले होते. अॅडम्स यांच्या कारकिर्दीत त्यांचे स्वतःचे शांतता पदक निघालेच नाही. मालिकेत आज त्यांचे जे पदक दिसते, ते ही पोकळी भरून काढण्यासाठी टांकसाळीने नंतर घातलेले आहे.

ठशांचा खरा संसार सुरू होतो तो थॉमस जेफरसन यांच्यापासून. त्यांच्या पदकावर 1801 हे साल आहे. रुप्याचे दोन पातळ पत्रे स्वतंत्रपणे ठशावर उमटवून कडेने पट्टीत बांधलेले, आतून पोकळ असे हे पदक आहे. ते तीन आकारांत झाले. सर्वांत मोठे सुमारे 105 मिलिमीटर व्यासाचे. लुइस आणि क्लार्क यांनी 1804 ते 1806 या काळात पश्चिमेकडे जो प्रवास केला, त्यात त्यांनी जेफरसन यांची ही पदके नेली, आणि सोबत वॉशिंग्टन यांची शेतकऱ्याच्या दृश्याची पदकेही नेली.

जेफरसन पदकाची मागची बाजू जवळून पाहण्यासारखी आहे. मध्ये हस्तांदोलन करणारे दोन हात. एका मनगटावर लष्करी कोटाची बाही आणि तिच्यावर बटणे. दुसऱ्या मनगटावर रुंद कडे आणि त्या कड्यावर गरुड कोरलेला. वर कुऱ्हाड आणि चिलीम एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या आणि भोवती 'शांतता आणि मैत्री' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. जेम्स मॅडिसन यांच्या वेळी हे पदक भरीव झाले, व्यास 76, 62 आणि 51 मिलिमीटर असे ठरले, आणि मागचा ठसा नव्याने कोरताना ते गरुडाचे कडे गेले. मनगट उघडे राहिले. ही फार लहान बाब आहे. तरीही विजोड पदकांचा अभ्यास अशा बाबींवरच उभा राहतो. चेहरा सगळेच पाहतात. अभ्यासकाने मनगट पाहायला हवे.

मॅडिसननंतर मन्रो, जॉन क्विन्सी अॅडम्स, जॅक्सन, व्हॅन ब्युरन, टायलर, पोक आणि टेलर आले. या सगळ्यांच्या पदकांवर पुढचा चेहरा बदलला, मागचे हात तेच राहिले. विल्यम हेन्री हॅरिसन 1841 मध्ये पद घेतल्यावर महिन्याभरातच वारले, त्यामुळे त्यांचे शांतता पदक त्या वेळी झाले नाही. फिलमोर यांच्या काळात मागची बाजू प्रथमच पूर्ण बदलली: झेंड्यासमोर एक गोरा शेतकरी आणि एक मूळ रहिवासी, वर श्रम, सद्गुण आणि सन्मान या अर्थाचे शब्द. हे काम जोसेफ विल्सन या कोरक्याचे. पुढे पिअर्स यांनाही हीच बाजू मिळाली. ब्यूकॅनन यांच्या वेळी विल्सन यांनीच आणखी एक रचना केली आणि ती लिंकन यांच्या पदकामागेही वापरली गेली. नंतर अँड्र्यू जॉन्सन, ग्रँट यांची स्वतंत्र पदके, हेस यांच्यापासूनची लंबगोल पदके, आणि शेवटी विसाव्या शतकात केवळ विक्रीसाठी होणारी ब्राँझची मालिका. या मालिकेत 3 इंची मोठी आणि 1 पूर्णांक 5 षोडशांश इंची छोटी असे दोन आकार रूढ झाले.

ही वंशावळ सांगण्याचे कारण असे. चुकीची जोडी होण्यासाठी दोन ठसे एकाच मापाचे असावे लागतात आणि एकाच कपाटात असावे लागतात. राष्ट्राध्यक्षांच्या पदकांइतकी ही अट क्वचितच दुसऱ्या कुठे पुरी होते. माप एक, धातू एक, घडण एक, आणि चेहरे कितीतरी. त्यातही मोठे आणि छोटे पदक यांत फरक आहे. 3 इंची पदकाचा उठाव खोल असतो. तो एका दाबात उमटत नाही. पदक पाडायचे, भट्टीत तापवून धातू मऊ करायचा, पुन्हा त्याच ठशांत नीट बसवून दाबायचे, असे फेरे करावे लागतात. प्रत्येक फेऱ्याला कारागिराच्या हातात आणि डोळ्यांसमोर पदक येते, म्हणून चूक लपून राहायला जागा कमी. छोट्या पदकाला इतके सोपस्कार लागत नाहीत, ते भराभर पडते. विजोड जोड्यांचा शोध घेणाऱ्याने छोट्या मालिकेकडे जास्त लक्ष द्यावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

नाण्यांच्या जगातली काही प्रसिद्ध उदाहरणे चूक कशी घडते हे स्वच्छ दाखवतात. 2008 मध्ये ब्रिटनने नाण्यांच्या मागच्या बाजू बदलल्या. 20 पेन्सच्या नाण्यावर साल आधी मागच्या बाजूला होते. नव्या रचनेत ते राणीच्या चेहऱ्याच्या बाजूला गेले. नवी मागची बाजू आणि जुना राणीचा ठसा अशी जोडी बसली, आणि कुठेच साल नसलेली नाणी चलनात गेली. तीनशेहून अधिक वर्षांत ब्रिटनमध्ये असे झाले नव्हते. 2000 मध्ये ऑस्ट्रेलियात डॉलरच्या नाण्याला 10 सेंटचा राणीचा ठसा लागला. डॉलरचा व्यास 25 मिलिमीटर आणि 10 सेंटचा 23.6, या फरकामुळे त्या नाण्याच्या कडेला दुहेरी काठ दिसतो आणि जाणकार तो काठ पाहूनच नाणे बाजूला काढतो. त्याच वर्षी फिलाडेल्फियात एका बाजूला पाव डॉलरचे वॉशिंग्टन आणि दुसऱ्या बाजूला नव्या सोनेरी डॉलरचा उडता गरुड असे नाणे निघाले.

भारताचाही या कथेत एक दुवा आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची ब्राँझची नाणी काही काळ कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली जात होती. त्यांवर 'आय' हे इंग्रजी अक्षर असते. 1916 मध्ये तिथे ऑस्ट्रेलियाच्या अर्ध्या पेनीला आपल्याकडच्या पाव आण्याचा चेहऱ्याचा ठसा बसला. दोन्ही नाण्यांचे माप जवळजवळ सारखे, आणि राजाही एकच, पाचवा जॉर्ज. फरक आहे तो अक्षरांत. ऑस्ट्रेलियाच्या नाण्यावर राजाची बिरुदे लॅटिनमध्ये संक्षिप्त रूपात येतात, तर पाव आण्यावर 'किंग एम्परर' असे साध्या इंग्रजीत. अशी नाणी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ज्ञात आहेत. कलकत्त्याच्या कारखान्यात दोन देशांचे काम शेजारी शेजारी चालू होते, याचा याहून ठोस पुरावा कोणत्या दप्तरात मिळेल असे मला वाटत नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरचे उदाहरणही इथे बोलके आहे. 2007 पासून निघालेल्या त्या मालिकेत सर्वांच्या मागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आहे, म्हणजे एका राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्याची पाठ लागण्याचा संभवच नाही. पण त्याच मापाचा सॅकाजाविया या शोशोनी स्त्रीचे चित्र असलेला डॉलरही त्याच काळात पाडला जात होता. तिच्या चेहऱ्यामागे राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेतला पुतळा उमटलेली नाणी मिळाली आहेत. ती डेन्व्हरच्या टांकसाळीतली आणि 2014 ची आहेत, हे दोन्ही बाजूंवरून कळत नाही. ते कडेवरच्या अक्षरांवरून कळते. पदक किंवा नाणे हातात घेतल्यावर तिसरी बाजूही वाचावी, हा धडा या नाण्याने दिला.

आता चुकीच्या आविर्भावात वावरणाऱ्या मुद्दाम केलेल्या जोड्यांकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत पदके आणि टोकन जमवण्याचा छंद जोरात पसरला. फिलाडेल्फिया टांकसाळीचे संचालक जेम्स रॉस स्नोडन यांना वॉशिंग्टन यांच्या पदकांचा इतका ध्यास होता, की टांकसाळीतले दुर्मिळ नमुने बदल्यात देऊन त्यांनी ती गोळा केली. 22 फेब्रुवारी 1860 रोजी, वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनी, टांकसाळीत त्या संग्रहाचे दालन उघडले. त्याच सुमाराला जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी ब्राँझची पदके पाडणेही रुळले. खासगी ठसेकारांनी या उत्साहाचा फायदा घेतला. त्यांच्याकडे वॉशिंग्टनचे ठसे, लिंकनचे ठसे, निवडणुकीच्या घोषणा, दुकानांच्या जाहिराती असा मोठा साठा होता. एकाच मापाचे ठसे आलटून पालटून बसवायचे, प्रत्येक जोडीची थोडी पदके तांब्यात, थोडी पितळेत, थोडी रुप्यात पाडायची, आणि प्रत्येकाला दुर्मिळ म्हणून विकायचे, असा तो धंदा होता. अंतर्गत युद्धाच्या काळातील टोकनांत अशा जोड्या विपुल आहेत.

या वस्तूंना मी हिणवत नाही. त्या काळच्या बाजाराचा त्या उत्तम पुरावा आहेत, आणि कोणता ठसा कोणाच्या ताब्यात कधी होता हे त्यांच्यावरून ठरवता येते. आपल्याकडे शिवराईचे ठसे जुळवून पाहणारे अभ्यासक हीच पद्धत वापरतात. पण त्या विजोड असल्या तरी चुकून झालेल्या नाहीत. घाईत, थकव्यात, अपुऱ्या उजेडात घडलेली चूक आणि गिऱ्हाइकासाठी रचलेली चूक यांना एका मापाने तोलणे हा दोन्हींवर अन्याय आहे.

याच्या उलट, काही पदके विजोड दिसतात आणि तशी नसतात. टांकसाळीने स्वतःच काढलेल्या एका छोट्या पदकावर एका बाजूला वॉशिंग्टन आणि दुसऱ्या बाजूला जॅक्सन आहेत. गारफिल्ड यांच्या 1881 मधील हत्येनंतर लिंकन आणि गारफिल्ड यांचे चेहरे पाठीला पाठ लावून पदक निघाले. खुनाला बळी पडलेले दोन राष्ट्राध्यक्ष एकत्र आणण्याचा हेतू तिथे उघड आहे. ज्याला ही पार्श्वभूमी माहीत नाही तो दोन चेहरे पाहून हरखतो आणि नको ती किंमत मोजतो. म्हणून या पुस्तकात मी एक नियम सतत पाळला आहे: कोणतीही जोडी चुकीची ठरवण्याआधी बरोबर जोडी कोणती ठरली होती, हे आधी सिद्ध करायचे. आर. डब्ल्यू. ज्युलियन यांचा 1977 मधला टांकसाळीच्या पहिल्या शतकातील पदकांचा ग्रंथ आणि बॉमन बेल्डन यांचे 1927 मधले शांतता पदकांवरचे पुस्तक हे त्यासाठी जवळ ठेवण्याचे आधार आहेत.

हातात आलेला नमुना तपासण्याची रीतही इथेच सांगून ठेवतो. पहिली पायरी कडेची. दोन पदके कापून, घासून, एकमेकांना चिकटवून दोन चेहऱ्यांचा बनाव करणे अवघड नाही. कधी एकाचे पोट पोखरून त्यात दुसऱ्याची तासलेली बाजू बसवतात. मग सांधा कडेवर न दिसता काठाच्या आतल्या कोपऱ्यात लपतो. तिथे भिंग धरून, पदक हळूहळू फिरवत, संपूर्ण वर्तुळ पाहावे. एखाद्या ठिकाणी केसाएवढी काळी रेघ दिसली आणि ती काठाला समांतर पुढे जात राहिली, तर शोध तिथेच संपला. दुसरी पायरी वजनाची आणि आवाजाची. चिकटवलेले पदक बोटावर तोलून टिचकी मारली की बद्द वाजते. तिसरी पायरी मांडणीची. अमेरिकी नाण्याची मागची बाजू सरळ दिसायला ते वरून खाली उलटावे लागते. पदक मात्र पुस्तकाच्या पानासारखे उलटायचे असते. विजोड म्हणून दाखवलेल्या पदकात ही मांडणी बिघडलेली असेल तर कारण विचारावे. शेवटची पायरी ठशांच्या खुणांची. पोलादी ठशाला बारीक तडे जातात, ओरखडे पडतात, आणि ते प्रत्येक पदकावर उमटतात. विजोड पदकाच्या दोन्ही बाजूंवरच्या अशा खुणा त्या त्या ठशाच्या नेहमीच्या, जुळलेल्या पदकांवर सापडल्या पाहिजेत. त्या सापडल्या तर नमुना खरा असण्याला बळ मिळते, आणि चूक ठशाच्या आयुष्यात कोणत्या टप्प्यावर झाली हेही कळू लागते.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. जोडी बरोबर की चुकीची हे टांकसाळीच्या हेतूवरून ठरते, असे मी म्हटले. पण शांतता पदकांच्या बाबतीत त्या हेतूलाच प्रश्न विचारावा लागतो. अँड्र्यू जॅक्सन यांच्या पदकाची जोडी तंत्रदृष्ट्या निर्दोष आहे. पुढे जॅक्सन, मागे हस्तांदोलन करणारे हात आणि शांतता-मैत्रीचे शब्द. याच जॅक्सन यांनी 28 मे 1830 रोजी मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. पुढचे पदक व्हॅन ब्युरन यांचे. मागचे हात तेच. त्यांच्या कारकिर्दीत, 1838 मध्ये, चेरोकी या मूळ रहिवाशांना बंदुकीच्या धाकाने घरांतून काढून पश्चिमेकडे चालत नेण्यात आले आणि वाटेत हजारो माणसे मेली. लिंकन यांच्या 1862 च्या पदकामागे मधोमध नांगर धरलेला मूळ रहिवासी आहे, आजूबाजूला घर, शाळा, चर्च. आणि कडेने एक माणूस दुसऱ्याच्या डोक्याची कातडी सोलतो आहे असे दृश्य. सरकारच्या मनातले आदर्श आणि सरकारच्या मनातली भीती दोन्ही एकाच वर्तुळात आहेत. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मॅन्केटो इथे डकोटा या मूळ रहिवाशांपैकी 38 पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली.

टांकसाळीच्या वहीत ही सगळी पदके जुळलेली म्हणून नोंदलेली आहेत. संग्राहक म्हणून आपणही ती तशीच नोंदवतो, आणि तशीच नोंदवली पाहिजेत. नोंदीत भावना मिसळू नये. पण त्या नोंदीखाली दुसरी ओळ असायला हवी, आणि ती या पुस्तकात आहे: त्या चेहऱ्याच्या कारकिर्दीत त्या मागच्या बाजूच्या शब्दांचे काय झाले. ज्यांच्या हातात ही पदके दिली गेली, त्यांच्यासाठी ती लिखित कराराइतकीच गंभीर वस्तू होती. वॉशिंग्टन यांनी 1792 मध्ये सेनेका नेता रेड जॅकेट यांना दिलेले लंबगोल पदक बफेलोच्या संग्रहालयात दीर्घकाळ होते. 2021 मध्ये ते सेनेका लोकांना परत देण्यात आले. मूळ रुप्याचे शांतता पदक विकत घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे आणि ते पदक कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने बाजारात आले हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. ब्राँझची नंतरची पदके अभ्यासाला पुरेशी आहेत.

पुस्तकाची मांडणी या विचारातूनच ठरली. पहिल्या भागात जुळलेल्या जोड्या क्रमाने दिल्या आहेत, कारण त्या माहीत असल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. दुसऱ्या भागात टांकसाळीत चुकून झालेल्या जोड्या, तिसऱ्यात मुद्दाम केलेल्या जोड्या आणि चौथ्यात बनावट नमुने आहेत. प्रत्येक नोंदीत दोन्ही ठशांची ओळख, व्यास, धातू, मांडणी आणि कडेचे वर्णन आहे. किमती कुठेही दिलेल्या नाहीत. किंमत वर्षागणिक बदलते आणि तिच्याकडे डोळे लागले, की पदकाकडे लागत नाहीत.

मराठी वाचकाने या परक्या विषयात का शिरावे, याचे माझे उत्तर सरळ आहे. आपल्याकडे नाणी जमवणारे पुष्कळ आहेत, आणि चुकीच्या नाण्यांची आवड दिवसेंदिवस वाढते आहे. त्या आवडीबरोबर अफवा, फुगवलेल्या किमती आणि घासून-चिकटवून केलेले बनावही वाढत आहेत. ज्या देशातल्या टांकसाळीची कागदपत्रे, ठशांच्या नोंदी आणि शतकभराचे संशोधन उपलब्ध आहे, तिथल्या पदकांवर पद्धत शिकून घेतली तर ती आपल्या नाण्यांनाही लावता येईल. मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या आपल्या टांकसाळींतून निघालेल्या विजोड नाण्यांची अशी शिस्तबद्ध नोंद मराठीत व्हावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ज्याच्या डबीत असे नाणे आहे, त्याने आजच त्याचा व्यास मोजावा, वजन करावे, दोन्ही बाजू आणि कड यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि ते कुठून मिळाले ते तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या पुस्तकाचे काम तिथून सुरू होईल.